बर्फातलं गाव, आमच्या मुलखात

कूलरच्या ओल्या वाळ्याचा गंध खोलीभर दरवळत होता, खिडकीच्या फटीतून उन्हाची एक तापलेली सळई फरशीवर आडवी पडली होती, आणि माझ्या मांडीवर उघड्या पडलेल्या पुस्तकात मात्र बर्फ कोसळत होता. शुभ्र, निःशब्द, अखंड बर्फ! त्याच्या भाराने छपरं वाकली होती, वाटा बुजल्या होत्या, झाडांचे नुसते शेंडे उरले होते. मी उभ्या जन्मात बर्फ पडताना पाहिलेला नाही. मला ठाऊक असलेला बर्फ म्हणजे रसवंतीच्या दारात गोणपाटाखाली झाकून ठेवलेली लादी. तरीही जालन्याच्या वैशाखात, भर दुपारी, ते पान उलटताना माझी बोटं गारठल्यासारखी झाली. शब्दांचं सामर्थ्य केवढं असतं पाहा! ज्या ऋतूला आपल्या दाराची वाटही ठाऊक नाही, तो एका कागदावर बसून आपल्या घरी येतो आणि अंगावर काटा उभा करतो.

पुस्तक मेघनाने दिलं होतं. मेघना आमची कॉलेजपासूनची मैत्रीण, आता नवीन जालन्यात दातांची डॉक्टर. तिच्या परदेशी राहणाऱ्या भावाने ते तिला पाठवलं आणि तिने ते माझ्या हातात ठेवलं. म्हणाली, "वाच, नंदा, आणि गोष्ट चालव. खूप दिवस झाले आपण खेळलो नाही."

हा खेळ तुम्ही कदाचित खेळला नसाल, म्हणून सांगते. त्यात पट नसतो, सोंगट्या नसतात, कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. चार माणसं एकत्र बसतात. एकजण गोष्ट चालवतो. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक माणूस होतात. मी म्हणते, तुम्ही नदीकाठी आलात, पूल तुटलेला आहे. ते सांगतात, आम्ही झाड तोडून आडवं टाकतो. झाड टिकेल की मोडेल, याचा निवाडा फासे करतात. बस, एवढंच! पण एवढ्यातच केवढं काही मावतं. लहानपणी आपण ओसरीवर चूल-बोळकी मांडून दुसऱ्याच कोणाचा तरी संसार करतो ना, तोच हा खेळ, फक्त मोठ्या माणसांनी न लाजता खेळायचा. ज्यांना स्वतः गोष्ट रचणं जमत नाही किंवा रचायला वेळ नसतो, त्यांच्यासाठी तयार गोष्टींची पुस्तकं छापलेली असतात. त्यांना आम्ही मोहीम म्हणतो. मेघनाने दिलेलं पुस्तक ही अशीच एक छापील मोहीम होती.

आमच्या खेळाला मात्र स्वतःचा एक मुलुख होता. त्याचं नाव दुधारण. कॉलेजात असताना आम्ही चौघांनी मिळून तो रचला: मी, मेघना, माझा थोरला भाऊ अंकुशदादा, आणि त्याच्या खोलीवर राहणारा त्याचा जिवलग दोस्त सतीश, जो पुढे माझा नवरा झाला. दुधारणात काळी जमीन आहे, बोडके डोंगर आहेत, आणि नद्या माणसांसारख्या मानी आहेत. कोणी अपमान केला की त्या रुसतात, भूमीच्या उदरात उतरून निजतात. मग गावोगावच्या बारवांच्या पायऱ्या उतरून, तळाशी उभं राहून त्यांना साद घालावी लागते. साद घालण्याचं व्रत ज्याने घेतलं तो सादकरी. किती संध्याकाळी आम्ही त्या मुलखात काढल्या! सतीश तिथे भानू नावाचा वैद्य असे, मेघना चिमणा नावाची पोटापुरत्या चोऱ्या करणारी गवळण, आणि दादा रानोजी वाटाड्या. भानू आणि रानोजी यांची मैत्री अशी की एकाने विहिरीत उडी घेतली तर दुसरा खोली विचारायला थांबत नसे.

आणि मग तो खेळ थांबला. अण्णा गेले तेव्हापासून.

अण्णा म्हणजे आमचे वडील. ते पिंपळगाव रेणुकाईला दादाजवळ राहत. थोडीशी काळी जमीन, दोन बैल, आणि घराच्या पायरीवर बसलं की दिसणारा रेणुकामातेच्या देवळाचा कळस. याच्यापलीकडे जग आहे हे त्यांना मान्य होतं, पण त्याची त्यांना गरज नव्हती. छातीच्या दुखण्याने ते खंगत चालले होते. दादा वहिनीला घेऊन तिच्या माहेरी तीर्थपुरीला लग्नाला गेलेला असताना अण्णांचा श्वास अडकला. मी कामानिमित्त परगावी होते. शेजाऱ्यांचा फोन सतीशला आला. तो मित्राची गाडी घेऊन धावत गेला आणि अण्णांना जालन्याच्या दवाखान्यात घेऊन आला. अण्णा त्या दवाखान्यातून घरी परतले नाहीत.

तेराव्याच्या दिवशी दादा सतीशला एवढंच म्हणाला, "माझ्या बापाला त्याच्या घरात मरू दिलं न्हाई तू. मला एक फोन करून इचारलं बी न्हाई." सतीशने उत्तर दिलं नाही. तो उत्तर देत नाही, हेच दादाला उत्तर वाटलं. त्यानंतर दोघांचं बोलणं तुटलं. दिवाळी आली, भाऊबीज आली. दादा आला तो मेघनाच्या दवाखान्यात, मला तिथे बोलावून घेतलं आणि तिथल्याच खुर्चीवर बसून ओवाळून घेतलं. दात उपटायच्या खुर्चीशेजारी निरांजन लावलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. भांडणात बोलणारी दोन माणसं असतात, पण न बोलण्यात तिसरं माणूस भरडून निघतं, याचा अनुभव तुम्हाला नसेल तर तुम्ही भाग्यवान!

म्हणून मेघनाने ते पुस्तक दिलं तेव्हा तिच्या मनात काय आहे हे मला कळलं. रविवारी दुपारी तिचा दवाखाना बंद असतो. जागा कोणाच्याच घरची नाही. ती म्हणाली, "मी दोघांना वेगवेगळं विचारलं. दोघांनीही एकच विचारलं, नंदा गोष्ट सांगणार का? मी हो म्हणाले. मग दोघंही हो म्हणाले."

मी मोहीम वाचून काढली. कथा अशी: डोंगरातलं एक गाव. खिंड बर्फाने बुजलेली. कोणाला येता येत नाही, जाता येत नाही. गावाबाहेरच्या मनोऱ्यात एक हिमदैत्य राहतो. त्याने गावातल्या एका म्हाताऱ्याला कोंडून ठेवलंय, आणि तो म्हातारा तिथे आहे तोवर बर्फ थांबणार नाही. नायकांनी मनोरा चढायचा, दैत्याला मारायचं, म्हाताऱ्याला सोडवायचं. गोष्ट सुरेख बांधलेली होती. फक्त ती दुधारणात न्यायची होती. मला वाटलं, त्यात काय अवघड! मी पेन्सिल घेतली आणि समासात लिहीत सुटले. बर्फाच्या जागी धुळीचं वादळ, सराईच्या जागी धर्मशाळा, लांडग्याच्या जागी तरस, देवदाराच्या जागी बाभूळ. हिमदैत्याचा धूळदैत्य झाला. संध्याकाळपर्यंत माझा मुलुख सजून तयार होता, आणि मी स्वतःवर निहायत खूश होते.

पहिल्या रविवारी आम्ही बसलो. भिंतीवर दातांची चित्रं, मध्ये रुग्णांसाठी ठेवलेलं टीपॉय, त्यावर फासे. दादा दाराजवळच्या खुर्चीत, सतीश खिडकीजवळ. दोघंही माझ्याकडे आणि मेघनाकडे पाहून बोलत होते. मी गोष्ट सुरू केली. तिघं नायक धुळीतून वाट काढत गावात पोचतात. धर्मशाळेत गावकरी धावत येतात आणि म्हणतात, आम्हाला वाचवा!

मेघना हसली. "थांब गं. पाणी नाही विचारलं? कुठल्या गावचे, कोणाचे, काही नाही? दारात आलेल्या माणसाला आपल्याकडे कोणी असं एकदम संकट सांगतं का?"

मी गडबडीने पाण्याचा तांब्या आणला. गोष्ट थोडी पुढे सरकली. मग सतीश म्हणाला, "नंदा, पण एक कळत नाही. वाट बंद का आहे?"

"धुळीचं वादळ आहे ना," मी म्हणाले.

"वादळ आज आहे, उद्या नाही. बर्फ साचून राहतो. धूळ..."

"धुरळा बसला की मानूस उठून चालायला लागतो," दादा भिंतीकडे बघत म्हणाला. "आपल्याकडं गाव बंद न्हाई होत. रिकामं होतं."

सतीशचं अर्धं वाक्य दादाने पुरं केलं होतं! दोघांच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण दादाने लगेच घड्याळ पाहिलं आणि बस निघून जाईल म्हणत तो उठला. गोष्ट तिथेच मोडली. पण मी उदास झाले नाही, खरंच सांगते. उलट माझ्या अंगात एक प्रकारची ईर्षा संचारली. त्या दोघांनी मिळून माझ्या गोष्टीचा दोष अगदी बराबर हेरला होता.

त्या आठवड्यात मी पुष्कळ विचार केला. परक्या बाहुलीला लुगडं नेसवलं म्हणून ती आपल्या घरची लेक होत नाही. तिचं हसणं, तिचं बसणं, तिचा घास घेणं सगळं परकंच राहतं. मी गोष्टीची वस्त्रं बदलली होती, पण तिची अस्थी तशीच राहिली होती. त्या अस्थीत बर्फ होता. बर्फ माणसाला कोंडतो. आमच्या भूमीतलं संकट कोंडणारं नाही, हाकलणारं आहे. पाणी आटतं आणि माणसं बाहेर पडतात. तिथे दार बाहेरून बंद होतं, इथे ते सताड उघडं असतं, आणि त्या उघड्या दारासारखी भयानक गोष्ट दुसरी कोणती असेल?

मी एका बियाणे कंपनीत काम करते. त्याच दिवसांत मला मिरचीच्या बीजोत्पादनाचे प्लॉट पाहायला घनसावंगीच्या बाजूला जावं लागलं. शेडनेटच्या हिरव्या सावलीत बाया कळ्यांवर वाकून बसल्या होत्या. मादी झाडाच्या कळीतला पराग उमलण्याआधीच काढून टाकायचा, दुसऱ्या वाणाचा पराग तिच्यावर अलगद टेकवायचा, आणि खूण म्हणून देठाला दोरा बांधायचा. हे मी शेकडो वेळा पाहिलं होतं. पण त्या दिवशी मी तिथे नेहमीपेक्षा जास्त रेंगाळले. पराग कुठूनही येवो, फळ ज्या झाडाला लागतं त्याचीच मुळं त्याला पाणी पुरवतात. परदेशी गोष्टीने मला पराग द्यावा. वाढायचं मात्र तिने दुधारणाच्या पाण्यावर. परतीच्या वाटेवर गाडीत मी सगळी मोहीम मनातल्या मनात उलटी केली.

आता नदी रुसून भूमीत गेलेली आहे. गाव उठतंय, बैलगाड्या जुंपल्या जाताहेत, उतरंडी उतरवल्या जाताहेत. सगळे निघाले, पण एकजण निघत नाही. बारवेच्या तळाशी बसलेला म्हातारा सादकरी. त्याला कोणी कोंडलेलं नाही. त्याने स्वतःला तिथे ठेवलंय. आणि गावाचा नियम असा की सादकरी मागे असताना गावाने पाऊल उचलायचं नाही. वर लेकरं तहानेने व्याकूळ होताहेत आणि खाली म्हातारा हलत नाही. दैत्य नाही, तलवार नाही, मनोरा नाही. आहे तो फक्त खाली उतरण्याचा जिना. मेघनाला हे फोनवर सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "मग आता यात त्या पुस्तकाचं काय उरलं?" मी म्हणाले, "एक प्रश्न उरला. एक माणूस मागे राहिला, तर बाकीच्यांनी काय करायचं?"

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि माझ्या लक्षात आलं की मी कोणाची गोष्ट रचली आहे. अण्णांना मी मुद्दाम त्या बारवेत नेऊन बसवलं नव्हतं. गोष्ट उलटी केल्याबरोबर ते आपोआप तिथे येऊन बसले होते! क्षणभर वाटलं, काढून टाकावं, दुसरं काही रचावं. पण का? जी गोष्ट खरी निघाली, तिला खरी निघाल्याबद्दल शिक्षा का द्यायची? मात्र कोणाला फसवून तिच्यात ओढायचं नाही, एवढं मी ठरवलं. सतीश स्वयंपाकघरात रसाचे आंबे चाचपून बघत होता. त्याला मी सरळ सांगितलं की गोष्टीत एक म्हातारा आहे, तो घर सोडत नाही, नको असेल तर आत्ताच सांग. तो आंबा हातात धरून उभा राहिला. मग म्हणाला, "अंकुश येणार असेल तर मी येतो."

दादाला फोन लावला. तेच सांगितलं. पलीकडे एका बैलाच्या गळ्यातलं घुंगरू वाजलं.

"दादा, ऐकून राह्यला ना?"

"ऐकून राह्यलो," तो म्हणाला. "तू आधी सांगितलं ते बरं केलं, नंदे. येतो मी."

दुसऱ्या रविवारी आम्ही पुन्हा त्याच खुर्च्यांवर बसलो. या वेळी गावात शिरताच नायकांना पाणी मिळालं, अगदी शेवटच्या रांजणातलं, आणि म्हणूनच तिघांनी ते घोटाघोटाने पुरवून प्यायलं. गोष्ट आपल्या पायांनी चालू लागल्याचा तो क्षण मला स्पष्ट जाणवला. गोष्ट चालवणाऱ्याला त्याहून मोठं सुख नाही. मेघनाची चिमणा लेकरांना खेळवायला वर थांबली. भानू वैद्य आणि रानोजी वाटाड्या बारवेच्या पायऱ्या उतरले. तळाशी म्हातारा. त्याच्या तोंडून आता मला बोलायचं होतं.

वैद्य म्हणाला, "बाबा, चला. इथं पाणी नाही."

"मी बोलावलं की येईल," म्हातारा म्हणाला.

"नाही आलं तर?"

"तर मी इथंच आहे. नदीचं घर तिथं माझं घर."

मला वाटलं होतं, आता रानोजी म्हाताऱ्याची बाजू घेईल. दादा गेलं वर्षभर हेच तर म्हणत होता, की माणसाला त्याच्या जागेवर राहू द्यावं. पण दादा खुर्चीत पुढे सरकला. त्याचे हात गुडघ्यांवर घट्ट आवळलेले होते.

"मी त्याला उचलतो," तो म्हणाला.

"तो नको म्हणतोय, दादा."

"म्हनू दे. वर लेकरं मरून राह्यली. आन हा बी मरंल. मी पाठीवर घेतो त्याला." त्याने फासे उचलले, पण टाकले नाहीत. मुठीत तसेच धरून ठेवले. "तो काय करून राह्यला, नंदे? मारतो का मला? वरडतो का?"

मी उत्तर देणार, इतक्यात सतीश बोलला. भानू वैद्याच्या आवाजात नव्हे, स्वतःच्या.

"चौकट धरतो," तो म्हणाला.

बारवेत चौकट नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"अण्णांनी चौकट धरली होती," सतीश म्हणाला. त्याचं बोलणं सावकाश येत होतं, जणू एकेक शब्द पायऱ्या चढून वर येत होता. "दम लागला होता. ओठ निळे पडले होते. तरी म्हणत होते, नको नेऊस, अंकुश येऊ दे. फोन लावला तुला. तू उचलला नाहीस. पुन्हा लावला. शेवटी मी त्यांची बोटं सोडवली चौकटीवरून. एकेक करून. गाडीत घातलं. ते रस्ताभर खिडकीतून मागं बघायचा प्रयत्न करत होते, मान वळत नव्हती त्यांची. हे मी कोणाला सांगितलं नाही. नंदालाही नाही. काय सांगणार होतो?"

मलाही ते तेव्हाच कळत होतं. इतके महिने ज्या माणसाशेजारी मी जेवले, झोपले, हसले, त्याच्या हातांना ती बोटं अजून लागलेली होती, आणि मला त्याचा पत्ता नव्हता! मौनाला आपण किती सहज निगरगट्टपणा म्हणतो. कधी कधी ते एक ओझं असतं आणि ते उतरवून ठेवायला जागाच मिळालेली नसते.

"तू सांग, अंकुश," सतीश म्हणाला. गेल्या कितीतरी दिवसांत प्रथमच त्याने दादाकडे बघून त्याचं नाव घेतलं. "दम तुटत चाललेला माणूस नको म्हणाला, तर काय करायचं असतं? मला अजून कळलेलं नाही. तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस?"

दादा फाशांकडे बघत राहिला. त्याचा चेहरा रागाने लाल झाला असावा असं मला आधी वाटलं, पण तो राग नव्हता. मेघनाने पुढे व्हायचा प्रयत्न केला. मी तिचा हात धरून थांबवलं. या उत्तरासाठी कोणाची मदत चालणार नव्हती.

"लग्नाच्या मांडवात होतो मी," दादा म्हणाला. "बँड वाजून राह्यला होता. फोन खिशात होता आन मला ऐकू आला न्हाई. तुझे फोन मागून दिसले मला, तरी तसं बोललो." मग त्याने मान वर केली. "गाडीतच घालायचं असतं. दुसरं काय करायचं? मी बी तेच केलं असतं. म्या तर इचारलं बी नसतं त्यांना."

सतीशने चष्मा काढला आणि तळहाताने डोळे पुसले. दादा उठला नाही, त्याच्या गळ्यातही पडला नाही; आमच्याकडची माणसं अशा वेळी फार काही करत नाहीत. त्याने फक्त टीपॉयवरचा पाण्याचा पेला सतीशच्या बाजूला सरकवला. मेघना तोंड फिरवून खिडकीचा पडदा उगीच नीट करू लागली.

मग दादाच म्हणाला, "नंदे, म्हातारा खालीच हाये अजून."

खरंच की! बारवेच्या तळाशी म्हातारा बसलेला होता आणि वर गाव ताटकळत होतं. सुरू केलेली गोष्ट अर्ध्यावर टाकून जाणं आम्हा चौघांनाही कधी जमलेलं नाही. दादाने फासे टाकले. ते चांगले पडले. म्हातारा त्याच्या पाठीवर आला.

"पन एक," दादा म्हणाला. "मी त्याला उलटं बसवतो. पाठीला पाठ लावून, उपरण्यानं बांधून. म्हंजे मी पुढं चालत राहीन आन त्याला गाव दिसत राहील. शेवटपर्यंत दिसत राहील."

त्या छापील पुस्तकाच्या कुठल्या पानावर हे होतं? माझ्या समासातल्या टिपणांत तरी कुठे होतं? बर्फाच्या त्या गावापासून इतक्या कोसांवर येऊन गोष्टीने स्वतःच आपला शेवट शोधला होता, आणि तो मला सुचला नव्हता याचा मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! गोष्ट चालवणाऱ्याचं कर्तृत्व हेच असावं कदाचित, की जागा अशी मोकळी ठेवायची, जिथे दुसऱ्याला त्याचं सर्वांत चांगलं वाक्य सापडेल.

सतीशने चष्मा पुन्हा घातला. "मग मी मागून चालतो," तो भानू वैद्याच्या आवाजात म्हणाला. "म्हाताऱ्याच्या तोंडासमोर. त्याला गावाबद्दल काही सांगायचं असेल तर ऐकणारं कोणी पाहिजे."

"आणि नदी?" मेघनाने विचारलं. "नदी येते का?"

मी फासे उचलून तिच्या हातात दिले. तिने ते टाकले, आणि ते वाईट पडले. नदी आली नाही. कोणालाही त्याचं विशेष वाईट वाटलं नाही. गाव चालू लागलं होतं, लेकरं बैलगाड्यांत होती, आणि पुढच्या मुक्कामाला पाणी असल्याची वार्ता चिमणाने आणली होती. रुसलेल्या नद्या आपल्या वेळेला येतात. माणसांनी तोवर जिवंत राहायचं असतं.

दिवस कलला तसा दादाने घड्याळ पाहिलं. गावाकडे जाणारी भोकरदनची बस निघून गेली होती. तो पिशवी घेऊन दारात घोटाळला, मग कोणाकडेही न बघता म्हणाला, "जल्दी केली तर मधे कुठं गाठ पडंल बसची. कोनी सोडतं का?"

सतीशने टेबलावरून मोटारसायकलची किल्ली उचलली. दोघं जिना उतरून गेले. वरून मी आणि मेघनाने पाहिलं, रस्त्यावर रिक्षांची गर्दी होती, आणि त्या गर्दीतून दादा गाडीवर मागे बसताना सतीशच्या खांद्यावर हात टेकत होता. आम्ही दोघींनी पेले धुतले, खुर्च्या सारख्या केल्या, दवाखान्याला कुलूप लावलं. मेघनाने माझी पाठ थोपटली आणि आपली स्कूटर सुरू केली.

दिवेलागणीला सतीशचा फोन आला. फोनमध्ये कोण्या टपरीवरची गाणी आणि माणसांचा गलका ऐकू येत होता.

"भोकरदन गेलं मागं," तो म्हणाला. "बस दिसली होती वाटेत. मी गाडी हळू केली, तर हा म्हणाला, चल की पुढं. चहाला थांबलोय. आता पिंपळगाव आलंच."

"मग तू परत कधी निघणार?"

"आज नाही. वहिनीने भाकरी टाकल्यात म्हणे. राहतो तिकडंच." तो थोडा घुटमळला. "हा मागं बसून सारखा बोलतोय, नंदा. वाऱ्यात निम्मं ऐकूच येत नाही मला. मी आपला हो हो म्हणतोय."

फोन ठेवून मी गॅलरीत उभी राहिले. खाली स्टेशनच्या रस्त्यावर एकेक दुकानाचे दिवे लागत होते. माणसं बोलतात ते सगळं ऐकू यावं म्हणूनच बोलतात, असं कुठे आहे? सारखं बोलावंसं वाटतं आणि पुढे बसलेला माणूस आपलाच आहे हे ठाऊक असतं, तेव्हा निम्मे शब्द वाऱ्याने नेले तरी काय बिघडतं! मी आत आले, एकटीपुरता भात लावला, त्यावर साधं वरण घेतलं. पुष्कळ दिवसांनी त्या घरात मी एकटी जेवत होते, आणि कधी नव्हे इतक्या चवीने जेवले.